मानस्तंभ आणि मानाचे खांब



लग्नसराई नुकतीच उरकली. यंदा अमरावती आणि अकोला मिळून नऊ लग्नांना जाणं झालं. नऊपैकी सात ठिकाणी स्टेजच्या दोन्ही बाजूंना तेच पांढरे उंच खांब उभे होते. डोक्यावर पानांची नक्षी, खाली गोल पायथा, अंगावर उभ्या खाचा. काही लॉनवर त्यांच्या सोबतीला डोक्यावर परडी घेतलेल्या फायबरच्या बायकाही होत्या. हेच खांब आता आपल्या घरांच्या हॉलमध्येही आले आहेत. कोणी पीओपीचे पूर्ण गोल करून घेतं, कोणी भिंतीला चिकटलेले अर्धे. छताला कंगोरे, मधोमध गोल फूल, त्यातून लोंबणारं झुंबर. इंटीरियरवाले याला ‘रोमन लुक’ म्हणतात. कलेचे अभ्यासक या शैलीला नव-अभिजात म्हणतात.

घराच्या सजावटीचा निर्णय पूर्वी पुरुष घेत. आता बहुतेक घरांत आपण बायका घेतो, निदान आपल्याला विचारलं तरी जातं. मग जी वस्तू आपण लाख-दोन लाख देऊन घरात आणतो, ती आली कुठून आणि येताना काय अर्थ घेऊन आली, हे माहीत असायला हवं. स्वयंपाकात एक नवा मसाला आणला तरी आपण तो हुंगून बघतोच ना!

सुरुवात ग्रीसपासून करावी लागेल. ग्रीक लोक आपल्या देवळांना दगडी खांब करत. त्यांच्या तीन मुख्य जाती. जाडजूड आणि साधा तो डोरिक, डोक्यावर दोन्हीकडे वेटोळं असलेला तो आयोनिक आणि पानांचा मुकुट घातलेला तो कोरिंथियन. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुवियस नावाचा रोमन वास्तुविशारद होऊन गेला. त्याने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. डोरिक खांब पुरुषाच्या बांध्याचा, आयोनिक प्रौढ स्त्रीच्या आणि कोरिंथियन कोवळ्या मुलीच्या, असं तो सांगतो.

कोरिंथियन खांबाच्या जन्माची गोष्टही त्यानेच दिली आहे. कोरिंथ गावातली लग्नाच्या वयाची एक मुलगी आजारी पडून वारली. तिला सांभाळणाऱ्या दाईने तिच्या आवडीच्या लहानसहान वस्तू एका परडीत भरल्या, परडी तिच्या थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकलं. परडीखाली एका काटेरी झुडपाचं मूळ होतं. वसंतात त्याला पानं फुटली, ती परडीच्या कडेने वर चढली आणि कौलाला अडून बाहेरच्या बाजूला वळली. वाटेने जाणाऱ्या एका शिल्पकाराने ते पाहिलं आणि खांबाच्या माथ्यावर तशीच पानं कोरली. म्हणजे लग्नाच्या स्टेजवर आपण जी नक्षी मांडतो, तिच्या मुळाशी एका दाईने न लग्न झालेल्या मुलीसाठी भरलेली परडी आहे.

आणि त्या डोक्यावर भार घेतलेल्या बायका? त्यांची गोष्ट याहून कडू आहे. कॅरिया नावाच्या गावाने युद्धात शत्रूला साथ दिली, म्हणून विजयी ग्रीकांनी तिथले पुरुष मारले आणि बायकांना दासी केलं. त्यांची शिक्षा पुढच्या पिढ्यांनाही दिसत राहावी म्हणून इमारतींना खांबांच्या जागी ओझं वाहणाऱ्या बायकांच्या मूर्ती बसवल्या, असं व्हिट्रुवियस लिहितो. ही गोष्ट किती खरी, यावर विद्वान वाद घालतात. पण दोन हजार वर्षं ती सांगितली गेली आहे. नवरी सासरी निघताना तिच्या दोन्ही बाजूंना कोण उभं असतं, याचा विचार डेकोरेशनवाला करत नाही. आपण करू शकतो.

इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही दोन गावं राखेखाली गाडली गेली. हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ साली आणि पॉम्पेईचं १७४८ साली सुरू झालं. रंगवलेल्या भिंती, दिवे, भांडी, पलंग असं जुनं घरच्या घर मातीतून वर आलं. सगळ्या युरोपला त्याचं वेड लागलं. रॉबर्ट ॲडम नावाचा स्कॉटिश वास्तुविशारद इटलीत राहून हे सगळं बघून आला आणि इंग्लंडमधल्या जमीनदारांची घरं त्याने नव्याने सजवली. केडलस्टन हॉल हे त्यातलं नामांकित घर. त्याच्या मुख्य दालनात अलाबास्टर दगडाचे वीस कोरिंथियन खांब आहेत. जोसाया वेजवुडने निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ग्रीक आकृत्यांची भांडी काढली आणि जमीनदारांची ही आवड मध्यमवर्गाच्या टेबलापर्यंत नेली.

यात निव्वळ सौंदर्याची हौस नव्हती. तेव्हाचे श्रीमंत इंग्रज स्वतःला नवे रोमन समजू लागले होते. रोमनांनी जग जिंकलं, कायदा दिला, रस्ते बांधले, तेच आता आम्ही करतो आहोत, असा तो दावा होता. घरातला खांब पाहुण्याला न बोलता सांगायचा की या घरचा माणूस शिकलेला आहे, इटली बघून आलेला आहे आणि राज्य करायला लायक आहे. त्याच दिवाणखान्यांत एक वेगळी गोष्टही घडली. १७८७ साली याच वेजवुडने साखळदंडातल्या गुलामाची आकृती असलेलं पदक काढलं आणि १७९१ पासून अनेक इंग्रज गृहिणींनी गुलामांच्या कष्टाची साखर चहात घालणं बंद केलं. सजवलेल्या खोलीत बसूनही ‘हे आलं कुठून’ असं विचारता येतं, हे त्या बायकांनी दाखवलं.

हे खांब हिंदुस्थानात आले ते सत्तेबरोबर. गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात केडलस्टन हॉलच्या नमुन्यावर आपला महाल बांधला. तो १८०३ साली पुरा झाला. संगमरवरी खांबांऐवजी विटांचे खांब करून वर चुन्याचा गिलावा असा घोटला की लांबून संगमरवरच वाटावा. मुंबईचा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ सालची. तिच्या तीस पायऱ्या चढताना वर दिसतात ते डोरिक खांब. अशा पायऱ्या चढताना माणूस आपोआप लहान होतो. ती त्यांची योजनाच असते.

आपल्या वऱ्हाडाशी ज्याचा थेट संबंध आहे असा महाल मात्र हैदराबादला आहे. तिथला इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस किर्कपॅट्रिक याने १८०३ च्या सुमारास रेसिडेन्सी बांधायला घेतली. समोर उंच कोरिंथियन खांब, रुंद पायऱ्या, दोन्हीकडे सिंह. खर्च निजामाच्या खजिन्यातून. किर्कपॅट्रिकने खैरुन्निसा नावाच्या खानदानी मुसलमान मुलीशी लग्न केलं होतं. ती पडद्यात राहायची, तिचं घर मागच्या बागेत, वेगळं. नवऱ्याचा महाल समोरून बघायला तिला जाता येत नव्हतं म्हणून त्याने तिच्या बागेत त्या महालाची छोटी प्रतिकृती बांधून दिली, असं सांगतात. त्या प्रतिकृतीचे अवशेष आजही आहेत. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. घर नवऱ्याचं, दर्शनी भाग जगासाठी, आणि बायकोला मिळालं त्याचं खेळणं.

पुढे निजामावर कंपनीच्या फौजेच्या पगाराची थकबाकी साठत गेली. ती भागवण्यासाठी १८५३ च्या तहाने निजामाने आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने गेलं आणि दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे आपला मुलूख लढाईत गेला नाही, उधारीत गेला. त्या रेसिडेन्सीत १९४९ पासून मुलींचं कॉलेज भरू लागलं आणि आता ते महिला विद्यापीठ झालं आहे. ज्या पायऱ्या खैरुन्निसाला समोरून बघता आल्या नाहीत, त्यांवर आज मुली डबे खात बसतात. वास्तूचा अर्थ बदलता येतो, तो असा.

इंग्रज वऱ्हाडात आले ते कापसासाठी. रेल्वेच्या आधीही इथला कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने लाखभर बैलांचा कापूस कलकत्त्याला पाठवला, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांकडून कापूस पिकवून घेत. त्या मळेवाल्यांची घरं कशी होती माहीत आहे? पांढरी, समोर उंच ग्रीक खांबांची रांग असलेली. युद्धात बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. ज्या पैशाने तिकडे पांढरे खांब उभे राहिले होते, तो पैसा कापसाच्या वाटेने इकडे आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच युद्धाचा धागा आपल्या गावातल्या वाड्यांपर्यंत येतो, हे कोणी शिकवलं नाही.

तेजी फार टिकली नाही. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजाराचे राजे मानले गेलेले प्रेमचंद रायचंद, आपल्या जैन समाजातलेच, त्यात बुडाले. त्यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दिलेली देणगी मात्र वाचली. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून त्या माउलीला घंटा ऐकू यावी, अशी त्याची गोष्ट आपल्यात घरोघरी सांगतात.

भाव उतरले तरी वऱ्हाडातला कापूस आणि पेढ्या राहिल्या. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा इथल्या अडत्यांनी आणि सावकारांनी घरं बांधली. अशा घराचं बाहेरचं अंग आणि आतलं अंग वेगळं असायचं. माझ्या आजोळचा वाडा तसाच होता. आत सगळं देशी. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, वर तुळई, घर मोजायचं ते खणांत. पण रस्त्याकडच्या दिवाणखान्यात विलायतेत ओतलेले बिडाचे चार खांब होते, माथ्यावर तीच कोरिंथची पानं. वर बिलोरी हंड्या, भिंतीवर समोरासमोर आरसे, म्हणजे दोन हंड्यांच्या वीस दिसाव्यात. खाली मात्र खुर्ची नाही, गादी आणि लोड-तक्के. इंग्रजाचं डोकं आणि वाण्याची बैठक!

आजी त्या घरात चाळीस वर्षं नांदली. दिवाणखान्यात ती वर्षातून एकदाच जायची. दिवाळीच्या आधी, हंड्या पुसायला. चाळलेली राख आणि मऊ धोतराचा तुकडा घेऊन. एक हंडी पुसायला अर्धी दुपार लागे. त्या उजेडात बसून बोलणं मात्र पुरुषांचं. कोणाचं शेत गहाण घ्यायचं, व्याज किती, कोणाची मुलगी कुठे द्यायची. अशा दिवाणखान्यांच्या काळातच, १८८२ साली, आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बैठकीत जागा नव्हती, तर त्यांनी छापखाना गाठला.

आणि हेही बोलायला हवं, जरी ऐकायला गोड नाही. त्या दिवाणखान्यांचा पैसा नुसता व्यापारातला नव्हता. शेतकऱ्याला पेरणीला दिलेल्या कर्जाच्या व्याजाचाही होता. अशा पेढ्यांमध्ये आपल्या समाजाच्या पेढ्याही होत्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने लागोपाठ पाहिले. तेव्हा काही पेढ्यांनी धान्याच्या कोठ्या उघडल्या, काहींनी जमिनी लिहून घेतल्या. खांब दोन्ही घरांत सारखेच दिसत.

दिवाणखान्यात नसलेल्या बायकांपर्यंत हा खांब दुसऱ्या वाटांनी पोचला. तुमच्या घरातला जुन्यात जुना फोटो काढून बघा. पणजी नऊवारीत, नाकात नथ, उभी आहे, आणि तिचा हात कशावर आहे? छातीपर्यंतच्या एका छोट्या खांबावर, वर फुलदाणी. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कठडा आणि महिरप. फोटो स्टुडिओत हा लाकडी खांब सगळ्यांसाठी एकच असायचा. गावात मातीच्या घरात राहणारी बाईही फोटोपुरती महालात उभी राहायची. मला ते खोटं वाटत नाही. आयुष्यात एकदाच फोटो निघणार, तर तो मानाने निघावा, एवढीच तिची इच्छा. दुसरी वाट संगीत नाटकांची. वऱ्हाडात नाटक कंपन्या येत, त्यांच्याकडे राजमहालाचा एक ठेवणीतला पडदा असेच. शकुंतलेचा दुष्यंत आणि सुभद्रेचा अर्जुन युरोपी खांबांपुढे उभे राहून पदं म्हणत आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

तिसरी वाट शिकण्याची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून हात बसवावा लागे. त्यातल्या गणपतराव म्हात्रे या तरुणाने १८९६ साली एक पुतळा केला, ‘मंदिरपथगामिनी’. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी मुलगी, नऊवारी नेसलेली. उभं राहण्याची ढब ग्रीक, पण चेहरा, नेसणं, चाल सगळी आपल्या गल्लीतली. तिच्या डोक्यावर कोणाच्या इमारतीचं ओझं नाही. ती आपल्या कामाला निघाली आहे. नक्कल आणि आत्मसात करणं यातला फरक मला या पुतळ्यात दिसतो.

आपल्या समाजातल्या धनिकांनीही ही शैली उचलली, आणि घराबरोबर मंदिरातही. कलकत्त्याचं शीतलनाथांचं मंदिर जवाहिरे राय बद्रीदास यांनी १८६७ साली बांधलं. काचकाम, झुंबरं आणि बागेत युरोपी धाटणीचे पुतळे. इंदूरला सर सेठ हुकुमचंद, ज्यांना लोक कापसाचे राजे म्हणत, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काच मंदिर उभारलं. त्याच इंदुरात आपल्या मराठी होळकरांचा लालबाग महाल आहे, आत शिरलं तर युरोपात आल्यासारखं वाटावं असा. मंदिरात झुंबर लावणाऱ्याचा भाव मी कमी लेखत नाही. घरात उत्तम ते देवाला, हा आपला जुना संस्कार. तरी वेदीवर बघावं तर भगवंताच्या अंगावर वस्त्रही नाही, आणि सभोवती हंड्या-झुंबरं. कोण कोणाला काय सांगतंय, असं वाटून जातं.

आपल्याकडे खांबाचा अर्थच वेगळा होता. दिगंबर मंदिराच्या दारापुढे मानस्तंभ असतो. भगवंतांच्या समवसरणात चारी दिशांना असे मानस्तंभ असतात आणि ते नजरेस पडताच माणसाचा मान गळून पडतो, असं शास्त्र सांगतं. विद्येच्या गर्वाने वाद घालायला आलेल्या इंद्रभूती गौतमाचा अभिमान असाच मानस्तंभ बघून उतरला आणि तो महावीरांचा पहिला गणधर झाला. वेलस्लीचा खांब बघणाऱ्याला लहान करतो, आणि बांधणाऱ्याचा मान वाढवतो. मानस्तंभ बांधणाऱ्यालाही दारातच मान खाली ठेवायला लावतो.

आपल्या वऱ्हाडात या विचाराच्या आणखी दोन खुणा आहेत. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी राहिली, अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याला खांबच नको असा देव. दुसरी कारंज्याची. १६७० साली शिवाजी महाराजांनी लुटलं इतकं ते गाव संपन्न होतं. तिथल्या एका संघई घराण्याने हवेली बांधताना गाऱ्यात कस्तुरी कालवली, अशी आख्यायिका आहे. ही सुद्धा श्रीमंतीच, आणि उधळपट्टीच. पण भिंतीच्या आत दडलेली. दिसत नाही, जवळ गेलं तर वास येतो. त्या मातीत वाढलेल्या माझ्या चुलतसासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. लग्नाच्या लॉनवर त्यांनी स्टेजचा एक खांब बोटाने वाजवून बघितला आणि म्हणाल्या, “काव बाई, हे कायले धरून हायेत?” वर नुसतं आभाळ होतं.

हसलो आम्ही सगळ्या. पण हसण्यावर नेण्याइतकं ते सोपं नाही. माझी नणंद अकोल्याला असते. तिच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मागच्या वर्षी तिने हॉल करायला काढला. चार खांब, पीओपी, झुंबर, सगळं मिळून साडेचार लाख. निम्मे पैसे सोनं ठेवून काढणार होती. मी म्हटलं, “ताई, एवढं कशाला?” तर ती म्हणाली, “वहिनी, तुम्हाला मुलगी नाही. आधीच्या स्थळाची माणसं आली, चहा घेतला, भिंतींकडे बघितलं, घर साधं आहे म्हणाली आणि पुन्हा फोन नाही. माझी पोरगी एम.फार्म. आहे. ती कोणी विचारली पण नाही.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तिच्या दृष्टीने तो खांब हौस नव्हता, ढाल होती. स्टुडिओतल्या पणजीचा हात ज्यावर होता तोच खांब. फरक एवढाच की पणजीचा फोटो काही आण्यांत निघाला असेल, आणि इथे बांगड्या गहाण पडणार होत्या. शेवटी भाचीच मध्ये पडली. “मामी, मला बघायला येणारे खांब बघून हो म्हणणार असतील, तर ते खांबांनाच घेऊन जातील ना?” दोन-तीन दिवस घरात अबोला होता. मग हॉलला रंग झाला, छताला साधी एक पट्टी झाली, खांब दोन झाले. सोनं कपाटातच राहिलं. उरलेल्या पैशात ओट्याची उंची वाढवली, कारण वाकून वाकून नणंदेची कंबर गेली होती, आणि स्वयंपाकघराला पूर्वेकडे मोठी खिडकी पाडली. स्थळ अजून जमलेलं नाही. जमेल तेव्हा जमेल.

परिग्रह परिमाण व्रतात ज्या गोष्टींची मर्यादा घालायची, त्यांच्या यादीत आपल्या आचार्यांनी शेत, सोनं, धान्य यांच्याबरोबर वास्तूही घातली आहे. घर असू नये असं ते म्हणत नाहीत. घर किती, हे आधी ठरवा म्हणतात. आणि परिग्रहाचं मूळ वस्तूत नाही, तिच्यावरच्या मूर्च्छेत आहे, हेही सांगतात. म्हणून खांब लावणारी पापी आणि न लावणारी पुण्यवान, असा हिशेब मी करणार नाही. भार न उचलणारा प्रत्येक खांब व्यर्थ, असंही नाही. मानस्तंभावर तरी कुठे छप्पर असतं?

मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. घरात काहीही नवं लावायचं ठरलं की ते विचारते. एक, याचा आधार घरातल्या कोणाला आहे? दोन, हे पुसणार कोण? पीओपीच्या कंगोऱ्यात वऱ्हाडची धूळ कशी बसते आणि मे महिन्यात स्टुलावर चढून ती कोण काढतं, हे आपल्याला माहीत आहे. तीन, याचा पैसा कुठून येतो, आणि कोणाच्या तोंडचं काढून तर येत नाही ना? ज्या मुलखात कापूस पिकवणारा शेतकरी आजही कर्जापायी जीव देतो, तिथे हा तिसरा प्रश्न कापसाच्या पैशावर मोठ्या झालेल्या आपण सगळ्यांनीच विचारायला हवा.

तिन्ही उत्तरं ठीक आली, तर खुशाल खांब लावा, छान पानाफुलांचे लावा. आणि कोणी आलं-गेलं विचारलं, तर त्या दाईची आणि परडीची गोष्ट सांगा. पाहुण्याला चहाबरोबर एवढं दिलं तरी पुष्कळ झालं.

जय जिनेंद्र.